‘सुकती’ नावाची कॅसेट

आमच्या घरातली गाणी भाड्याने जायची. शिरोड्याला माझ्या वडिलांचा लाऊडस्पीकरचा धंदा होता. लग्न, मुंज, सत्यनारायण, शाळेचं गॅदरिंग, काहीही असलं की कर्णे, अँप्लिफायर आणि कॅसेटींनी भरलेली पत्र्याची पेटी घेऊन वडील निघायचे. कुठलं गाणं कधी लावायचं हे आम्हा भावंडांना न शिकवता कळत होतं. पंगत बसली की सनई, वरात निघाली की बँडची गाणी, नवरी सासरी निघाली की आईच्या डोळ्यांत पाणी आणणारं काहीतरी. ज्या कॅसेटीचा असा काही उपयोग नाही, ती वडील घरात ठेवत नसत.

‘सुकती’ अशीच बिनउपयोगाची निघाली. सुकती म्हणजे ओहोटी. सावंतवाडीहून कॅसेटी विकायला येणाऱ्या माणसाने इतर मालाबरोबर ती वडिलांच्या गळ्यात मारली होती. मालवणी गाणी आहेत, लोक खूश होतील, असं तो म्हणाला. वडिलांना वाटलं, मालवणी म्हणजे घोव-बायलेचं, नवराबायकोचं, भांडण किंवा नाचाची गाणी असणार. त्यांनी ती न ऐकताच एका लग्नात, ऐन पंगतीत लावली. मी कॉलेजात होते आणि सुट्टीत त्यांच्या मदतीला जायचे. त्या दिवशी मशीनजवळ मीच बसले होते.

आधी एक बाई खाकरली. ती खाकर कर्ण्यांतून अख्ख्या मांडवावर गेली. मग ती गायला लागली. आवाज जाड होता, खालच्या पट्टीतला. ढोलकी नाही, बासरी नाही, कोरस नाही. मागे पेटीचा एकच सूर धरलेला आणि घुमट या मातीच्या वाद्यावर अधूनमधून एखादी थाप, तीही नाचता येईल अशी नाही. गाणं होतं एसटी स्टँडवर उभ्या असलेल्या बाईचं. तिची गाडी येत नाही, आणि गाडी येत नाही म्हणून तिला घरी परत जावंसंही वाटत नाही, एवढंच त्यात होतं. पंगतीतले लोक वर बघायला लागले. नवऱ्या मुलाचे मामा हात न धुताच आमच्याकडे आले.

“कोण मेला काय रे?” त्यांनी वडिलांना विचारलं. “बदल ता आदी.”

वडिलांनी कॅसेट काढली, सनई लावली आणि घरी परतताना मला म्हणाले की ही वस्तू फेकून दे. मी ती पिशवीत टाकली आणि फेकली नाही. त्या गाडी न येणाऱ्या बाईचं पुढे काय झालं, हे मला कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे झोपलेले असताना मी मागच्या पडवीत आवाज बारीक करून पूर्ण कॅसेट ऐकली. मी गाणी ऐकतच वाढलेली मुलगी, पण त्या दुपारपर्यंत गाणं ही माझ्यासाठी कुणाच्या तरी कार्याला लागणारी वस्तू होती. ही बाई कुणाच्याच कार्यासाठी गात नव्हती. एका गाण्यात ती आपल्या दुखऱ्या गुडघ्याशी बोलत होती. एकात दोन जावा एका विहिरीवर एकमेकींशी न बोलता पाणी काढत होत्या, आणि गाणं संपेपर्यंत त्या बोलत नाहीतच. आणि दुसरी बाजू अख्खी एकाच गाण्याची होती. तेच ‘सुकती’.

त्यातल्या बाईचा नवरा मुंबईला आहे आणि यंदाही येणार नसल्याचा निरोप आलाय. ती कोयता आणि टोपली घेऊन खाडीत उतरते. ओहोटी लागलेली असते. चिखलात पाय रोवून ती तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, वेचते, खडकावरची कालवं काढते, वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाच्या प्रश्नाला उत्तर देते. ध्रुवपद नाही, एकही ओळ परत येत नाही. दिवस जसा पुढे जातो तसं गाणं पुढे जातं. मधेच, पाणी ओसरून तिची जमीन तिला परत मिळते तेव्हा, ती म्हणते:

सुकती इली, पाणी गेला, माझी जमीन माका गावली,
वाट बघूक फुरसत नाय, टोपली अजून भरूची आसा.

शेवटी ती तिसऱ्या विकून घरावरची फुटलेली कौलं बदलून घेते आणि दारात बसून चहा पिते. मी सुखी आहे असं ती कुठेच म्हणत नाही, आणि गाणं संपतं. मी पडवीत बसून राहिले. लग्नातल्या लोकांना हे रडगाणं का वाटलं ते मला कळेना. माझ्या कानाला तर ती बाई जिंकली होती.

तेव्हापासून मी ती कॅसेट कुणाकुणाला ऐकवली याला गणती नाही. मैत्रिणींना ऐकवली, त्या हसल्या. आवाज बाईचा की बापयाचा, असं मोठ्या बहिणीने विचारलं. कॉलेजातल्या गाणाऱ्या मुलीने सांगितलं की हिला सूर धरता येतो पण गाणं बांधता येत नाही. कुडाळ, वेंगुर्ला, मालवण, जिथे जाईन तिथे मी दुकानात विचारायचे की या गायिकेची दुसरी कॅसेट आलीय का. दुसरी सोडाच, पहिलीही कुणाला माहीत नव्हती. माझ्या कॅसेटच्या खोक्यावर चिखलात उमटलेल्या पावलांचा काळापांढरा फोटो होता आणि बारीक अक्षरांत गायिकेचं नाव. पत्ता नव्हता.

लग्न होऊन मी जामसंड्याला आले. नवऱ्याची आंब्याची बाग, आणि मला शिवणकाम येत होतं म्हणून रस्त्याकडच्या खोलीत मी टेलरिंगचं दुकान काढलं. दुपारी शिवणवर्गही चालायचा. दुकानात टेपरेकॉर्डर होता आणि टेपरेकॉर्डर माझा होता, तेव्हा त्यात काय वाजणार ते मीच ठरवत असे. रोज ‘सुकती’ वाजत नव्हती, पण आठवड्यात एकदा तरी वाजायचीच. ब्लाउजचं माप द्यायला आलेल्या बायका नाक मुरडायच्या. “परत ताच लायलंस गो?” हे वाक्य मी आयुष्यात सगळ्यात जास्त वेळा ऐकलं असेल. शिवणवर्गाच्या मुली सिनेमातली गाणी लावा म्हणून मागे लागायच्या. मी सांगायचे की काज-बटण नीट जमायला लागलं की लावू. त्यांची काजं काही लवकर जमत नसत.

सासूबाईंना ती कॅसेट सुरुवातीला अजिबात सहन होत नव्हती. त्या स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायच्या. पण एकदा त्या नारळ सोलत दुकानाच्या पायरीवर बसल्या होत्या आणि आत तेच मोठं गाणं चालू होतं. वाटेत भेटलेला सासरचा माणूस त्या बाईला विचारतो की एकटी कुठे चाललीस, आणि ती म्हणते, एकटी कुठे, कोयता आहे ना बरोबर. सासूबाईंचा हात थांबला. त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “वायच मोठा कर.” त्यांचंही तरुणपण नवरा मुंबईला असताना गेलं होतं. त्याबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत, त्या दिवशीही नाही. पण त्यानंतर कुणी गिऱ्हाईक गाणं बदलायला सांगू लागलं तर आतून त्यांचाच आवाज यायचा की कपडे शिवून घ्यायचे आहेत ना, मग गप बसा.

पुढे कित्येक वर्षांनी टेप झिजली. फीत अडकायची, नवरा पेन्सिल घालून ती गुंडाळायचा, तुटली की चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावून जोडायचा. त्याला गाण्यात फारशी गोडी नाही, पण माझी वस्तू मोडलेली त्याला बघवत नाही. शेवटी तोच म्हणाला की ही आता फार दिवस टिकणार नाही, फोनमध्ये घेऊन ठेव. म्हणून एका सकाळी दुकान उघडण्याआधी मी टेपरेकॉर्डरसमोर मोबाइल धरून बसले आणि दोन्ही बाजू उतरवून घेतल्या. शेजाऱ्यांचा कोंबडा नेमका मोठ्या गाण्याच्या मध्यावर आरवला. पुन्हा सुरुवातीपासून करायची माझी हिंमत झाली नाही, कारण फीत त्या दिवशी दोनदा कुरकुरली होती.

ते रेकॉर्डिंग मी जुन्या कॉलेजच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकलं. कुणी अंगठा दाखवला, कुणी हात जोडले, बहुतेकींनी ऐकलंच नसणार. पण नांदगावला दिलेल्या एका मैत्रिणीचा संध्याकाळी फोन आला. हा आवाज माझ्या ओळखीचा आहे, ती म्हणाली. आमच्या घरामागे एक म्हातारी बाई राहतात, पूर्वी बालवाडी चालवायच्या. काजू वाळत घालताना हाका मारतात तेव्हा अगदी असाच आवाज येतो. मी नाव विचारलं. तिने सांगितलेलं नाव माझ्या खोक्यावर छापलेलं होतं.

मी मशीनवरून उठले आणि उगाचच दुकानात येरझाऱ्या घातल्या. इतकी वर्षं मला वाटत होतं की ती गायिका मुंबईला असेल, किंवा आता या जगात नसेलच. ती आमच्या गावाहून सुटणाऱ्या एसटीच्या रस्त्यावर राहत होती. आंब्याच्या मोसमात आमच्या पेट्यांची गाडी तिच्या घरावरून हायवेला लागत होती.

दुसऱ्याच दिवशी मी नांदगावला गेले. मैत्रीण मला घरामागच्या वाटेने घेऊन गेली. अंगणात काजूच्या बिया पसरलेल्या आणि त्यांच्या मधोमध पाय लांब करून एक उंच, हाडापेराने मोठी बाई बसलेली. सगळे त्यांना बाई म्हणत, मीही बाई म्हटलं. मी कोण, कुठून आले ते सांगितलं आणि पिशवीतून कॅसेट काढून त्यांच्या हातात दिली.

त्यांनी ती उलटसुलट करून बघितली. “ह्या खंय गावला तुका?” त्यांनी विचारलं. “माझ्याकडे सुदिक नाय.”

मग हळूहळू सगळं समजलं. माहेर खाडीकाठचं. गाणी स्वतः रचलेली, पेटीचा सूर स्वतः धरलेला, भावाने घुमट वाजवलेलं, कुडाळात एकाच्या घरी खिडक्यांना गोधड्या लावून रेकॉर्ड केलेलं. ज्याने कॅसेटी काढल्या त्याने पुढच्या वेळी जरा नाचाची गाणी आणा आणि आवाज जरा बारीक काढा असं सांगितलं. बाईंनी सांगितलं की आवाज बारीक काढता येणार नाही. पुढची वेळ आली नाही. न खपलेल्या कॅसेटी त्यांनी बालवाडीत वाटल्या, मुलांनी फिती ओढून पतंगांना शेपट्या लावल्या. हे सांगताना त्या हसत होत्या. त्यांना वाईट वाटलं असेल तर ते फार पूर्वी वाटून संपलं होतं.

मी फोनवरचं रेकॉर्डिंग लावलं. स्वतःचा तरुणपणचा आवाज त्या मान खाली घालून ऐकत होत्या, हात काजूंवरून फिरत होता. मध्यावर कोंबडा आरवला तसा त्यांनी हात वर केला.

“हो कोंबो खयचो? माझ्या गाण्यात कोंबो नाय होतो.”

मी ओशाळून सांगितलं की शेजाऱ्यांचा आहे. त्यांनी थोडा विचार केला. “आसांदे. बरो लागता.”

गाणं संपलं तेव्हा मी मनात ठरवून आलेली गोष्ट बोलून टाकली. आमच्या महिला मंडळाचा वर्धापनदिन जवळ आलाय, तुम्ही येऊन हे गाल का? त्यांनी लगेच नाही म्हटलं नाही. गाणं कापायला सांगतील का, असं विचारलं. त्या काळीही सगळे हेच म्हणायचे, गाणं लांब आहे, मधलं काढून टाका. “गातलंय तर सगळा गातलंय,” त्या म्हणाल्या. मी शब्द दिला.

शब्द देणं सोपं होतं. मंडळाच्या अध्यक्षबाईंनी कार्यक्रम आधीच आखला होता. रेकॉर्डवर नाच, मग बक्षिसं, मग अल्पोपाहार. कुणा म्हाताऱ्या बाईचं अर्धा तास चालणारं गाणं कोण ऐकणार, असं बैठकीत सगळ्याच म्हणाल्या. त्यातल्या निम्म्या माझ्या गिऱ्हाईक होत्या आणि गाणं कुठलं ते त्यांना बरोबर कळलं होतं. एक तर म्हणाली की ते गाणं आम्ही तुझ्या दुकानात शिक्षा म्हणून ऐकलंय, आता हॉलमध्येही ऐकायचं काय? सगळ्या हसल्या, मीही हसले. मग मी शांतपणे सांगितलं की नाचाचे सगळे कपडे माझ्याकडे शिवायला आहेत, बाईंचं गाणं होणार नसेल तर ते दुसरीकडे द्यावे लागतील. हसणं थांबलं. बाईंना बक्षिसांच्या आधीची वेळ मिळाली.

त्या दिवशी शाळेचा हॉल भरलेला होता. बाई माझ्या नांदगावच्या मैत्रिणीबरोबर आल्या, काळ्या काठाची पांढरी साडी, केसात अबोलीची वेणी. भाऊ आता नव्हता, म्हणून घुमट त्यांनी स्वतःच मांडीवर घेतलं आणि पेटीचा सूर धरायला आमच्या शाळेच्या गाण्याच्या बाई बसल्या. साउंडवाल्याने माइकला घुमणारा आवाज लावून ठेवला होता, सगळे लावतात तसा. मी त्याच्याजवळ गेले आणि तो काढायला लावला. तो म्हणाला, आवाज उघडा पडेल. मी म्हटलं, तोच तर ऐकायचाय.

बाई खाकरल्या आणि सुरू झाल्या.

आवाज आणखी खाली उतरला होता, थोडा खरखरीत झाला होता, पण त्याची धाटणी तीच होती. पहिल्या ओळींना मागच्या बाजूला कुजबुज चालू होती, नाचणाऱ्या मुली घुंगरू वाजवत होत्या. बाईंनी तिकडे बघितलंही नाही. गाण्यातली बाई खाडीत उतरली, चिखलात पाय रोवला, टोपली कमरेला लावली. मी भिंतीला टेकून उभी होते. इतकी वर्षं मी एकटी बरोबर होते की एकटी चूक होते, हे आता या हॉलमध्ये ठरणार होतं.

सासरचा माणूस भेटतो त्या जागेच्या थोडं पुढे बाई अडल्या. ओळ आठवेना. हात घुमटावर थांबला, पेटीचा सूर तेवढा चालू राहिला. मला ओळ येत होती, मी भिंतीपासून पुढे सरकले.

तेवढ्यात दुसऱ्या रांगेतून आवाज आला. दुकानात आलं की परत तेच लावलंस का म्हणणाऱ्या बायकांतली सगळ्यात तक्रारखोर बाई बसल्या जागेवरून, मान जरा वर करून, ती ओळ गात होती. अगदी बरोबर, शब्दाला शब्द. तिच्या शेजारणीने पुढची ओळ धरली. मग डावीकडून दोघी, मग माझ्या शिवणवर्गात शिकून गेलेल्या, आता दोन-दोन पोरांच्या आया झालेल्या मुली. बाईंनी मान वर करून बघितलं. त्यांचा चेहरा बघायला मिळाला यासाठी मी आयुष्यभर देवाची ऋणी राहीन. त्यांनी घुमटावर थाप दिली आणि पुन्हा गाणं हातात घेतलं, आणि आता त्यांच्याबरोबर अर्धा हॉल गात होता. वाट बघूक फुरसत नाय, टोपली अजून भरूची आसा. बायका नाचाला टाळ्या वाजवतात तशा टाळ्या वाजवत नव्हत्या, नुसत्या गात होत्या, शिवणाच्या मशीनवर मान हलते तशा माना हलवत. ज्या गाण्याला त्या नावं ठेवत आल्या, ते त्यांना पाठ होतं. मला वाटतं, त्यांनाही ते त्याच क्षणी कळलं.

गाणं शेवटपर्यंत झालं. एकही ओळ कापली गेली नाही. गाण्यातली बाई दारात बसून चहा प्यायली आणि हॉल उभा राहिला. सासूबाईंना मी खुर्चीत पुढे बसवलं होतं, त्यांना उठवत नव्हतं, तरी त्या हातांनी खुर्ची धरून उठल्या. अध्यक्षबाईंनी माइक घेतला आणि सांगितलं की बक्षिसं नंतर देऊ, आधी बाईंनी आणखी एक म्हणावं. बाईंनी गुडघ्याचं गाणं म्हटलं. त्यावर लोक इतके हसले की त्यांना मधे दोनदा थांबावं लागलं. ते हसण्याचंच गाणं होतं, हे मला तोवर कधी कळलं नव्हतं.

घरी येताना नवरा म्हणाला, “तू सांगी होतंस ता खरा होता.” एवढंच. मी त्याला ते आणखी एकदा म्हणायला लावलं.

कुणीतरी त्या दुपारचं फोनवर घेतलेलं गाणं फिरवलं आणि मग बाईंना कणकवलीहून, मालवणहून बोलावणी येऊ लागली. त्या सगळीकडे जात नाहीत, काजूचा मोसम असला की मुळीच जात नाहीत. कुडाळातल्या एका स्टुडिओवाल्याने पूर्ण ‘सुकती’ नव्याने रेकॉर्ड केली. आवाज स्वच्छ आलाय, लोकांना आवडलीय. लग्नात मात्र ती अजून कुणी लावत नाही, आणि लावू नये असंच माझं मत आहे.

गेल्या महिन्यात बाई जामसंड्याला आल्या होत्या, पोलकं शिवायला. माप देता देता त्यांनी एक नवीन गाणं म्हणून दाखवलं, दोन म्हाताऱ्या बाजारातून रिक्षाने परत येतात आणि रिक्षा बंद पडते त्याचं. कसं वाटलं, असं विचारलं. मी खरं ते सांगितलं, की मधे जरा लांबतं. त्यांनी माझ्या हातातली मापाची टेप बाजूला केली आणि लांबतं म्हणजे कुठे ते नीट दाखव म्हणाल्या. आम्ही बराच वेळ भांडलो. दुकानात आलेल्या बायका बसून ऐकत होत्या, कुणाला घरी जायची घाई नव्हती. शेवटी बाईंनी एक शब्दही बदलला नाही. पोलक्याची बाही मात्र मला उसवून पुन्हा लावायला सांगितली. त्या निघाल्या तेव्हा मी बाही उसवत होते आणि रिक्षावाला काय म्हणतो ती ओळ गुणगुणत होते.